वेस्परकडचा बांध

बायको कोरीन गेल्यावर नेल्स आमुनड्रुड सकाळची कॉफी बाहेर प्यायला लागला. घरी कॉफी करता येत नव्हती असं नाही, पण घरी प्यायची म्हणजे सगळ्या खोल्या गप्प असताना प्यायची. त्यापेक्षा धान्याच्या कोठाराशेजारचं मर्लाचं हॉटेल बरं. तिथं निदान माणसांचे आवाज असायचे.

हॉटेलात खिडकीपाशी एक मोठं गोल टेबल आहे. शेती मुलांच्या हवाली केलेले म्हातारे तिथं रोज सकाळी बसतात, आज कॉफी कुणी पाजायची ते ठरवायला फासे टाकतात आणि पावसापासून पाद्रीबाईंच्या प्रवचनापर्यंत सगळ्याला नावं ठेवतात. पहिल्या दिवशी नेल्स सरळ त्या टेबलापाशी गेला. त्यातले निम्मे त्याच्याबरोबर शाळेत होते. त्यांनी खुर्च्या सरकवून जागा केली, यंदा थंडी लवकर पडली असं म्हणाले. मग एकाला पंप दुरुस्त करायचा आठवला, दुसऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे जायचं आठवलं, आणि नेल्सचा कप निम्मा व्हायच्या आत टेबल रिकामं झालं. दुसऱ्या दिवसापासून तो काउंटरजवळच्या उंच स्टुलावर बसू लागला. मर्ला न विचारता कॉफी ओतायची आणि म्हणायची, "गुड मॉर्निंग, मिस्टर आमुनड्रुड."

ते 'मिस्टर' त्याला टोचायचं. नेल्स पूर्वी गव्हर्नर होता, म्हणजे लोकांनी निवडलेला राज्याचा प्रमुख, आणि या देशात एकदा गव्हर्नर झालेला माणूस मरेपर्यंत गव्हर्नर म्हणवला जातो. राजधानीत कधी गेला तर हॉटेलचा दरवानसुद्धा "या, गव्हर्नर" म्हणून दार उघडायचा. आणि वेस्परमध्ये तो जन्मल्यापासून नुसता नेल्स होता. आता गावात तो गव्हर्नरही नव्हता आणि नेल्सही नव्हता.

वेस्परमध्ये कुणी कुणाशी वाईट वागत नाही. कोरीन गेली तेव्हा गावानं त्याच्या ओट्यावर जेवणाची इतकी झाकलेली भांडी आणून ठेवली की फ्रिजमध्ये जागा उरली नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी होती. त्यानं ती भांडी घासूनपुसून घरोघर परत केली. सगळ्यांनी ती दारातच घेतली, त्याचं बरं आहे ना विचारलं, आणि आत ये म्हणायचं तेवढं सगळ्यांचं राहून गेलं.

नेल्सचा बाप हॉटेलाशेजारच्या त्याच कोठारात धान्य तोलायचा. पोरगा वकिलीचं शिकला, पण इतर शिकलेल्यांसारखा शहरात राहिला नाही. परत येऊन जिल्ह्याचा सरकारी वकील झाला, मग राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेला. त्याला भाषण करता यायचं नाही. समोर आलेला प्रत्येक कायदा तो शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, एवढंच त्याचं नाव. गव्हर्नरच्या निवडणुकीच्या वर्षी पक्षातले दोन दांडगे पुढारी उमेदवारीसाठी एकमेकांच्या उरावर बसले होते. कुणी मागं हटेना, तेव्हा थकून सगळ्यांनी नेल्सचं नाव पुढं केलं. "कुणालाच नकोसा नव्हता, म्हणून माझा नवरा गव्हर्नर झाला," असं कोरीन हसत हसत सांगायची.

शपथविधीला वेस्परची माणसं बसगाड्या करून आली होती. दूधवाला शेतकरी आयव्हर सॅथर आला होता, आणि त्याचा धाकटा भाऊ ड्वेन. हा ड्वेन म्हणजे नेल्सचा जिवाचा मित्र. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याला भोक पाडून दोघं दिवसदिवस मासे धरत बसायचे. त्यानं पोलिसांच्या देखत नव्या गव्हर्नरच्या पाठीत धपाटा घातला आणि भोवतालच्यांना सांगितलं, "हा राज्य चालवणार म्हणे. ह्याला अजून ट्रॅक्टर मागं घेता येत नाही." नेल्स त्या दिवशी जितका हसला तितका पुढं कधी हसला नाही.

गव्हर्नर म्हणून त्यानं वाईट काम केलं नाही. खेड्यांतले बंद पडायला आलेले दवाखाने चालू ठेवले, लांबच्या वस्त्यांवरच्या पोरांसाठी शाळेच्या गाड्या सुरू केल्या. गव्हर्नरच्या बंगल्यामागं, गुलाबांच्या वाफ्यात, कोरीननं मुरंब्यासाठी आंबट देठांचा रुबार्ब लावला. माळी नाराज झाला, पण त्या रुबार्बचा मुरंबा खाल्ल्यावर गप्प बसला.

मग तिसऱ्या वर्षीचा वसंत आला. हिवाळाभर बर्फ भरपूर पडलं होतं, आणि एकाएकी दक्षिणेकडून गरम वारा सुटला. नदीवरचं बर्फ फुटलं, त्याचे घराएवढाले तुकडे वाहत आले आणि राजधानीच्या खालच्या अंगाला रेल्वेपुलापाशी अडकून बसले. त्यांच्या मागं पाणी तुंबायला लागलं. राज्याच्या मुख्य इंजिनिअरनं नकाशा पसरून सांगितलं की उद्या दुपारपर्यंत पाणी शहराच्या बांधावरून आत येईल. आत मोठं इस्पितळ होतं, पिण्याच्या पाण्याचं केंद्र होतं, सखल भागात हजारो घरं होती. एकच उपाय होता. नदीच्या वरच्या अंगाला पलीकडच्या काठाचा बांध फोडायचा आणि पाण्याला तिकडं वाट करून द्यायची.

तिकडं वेस्पर होतं.

नेल्सनं विचारलं, दुसरीकडं कुठं फोडता येईल का. इंजिनिअर हुशार होता आणि त्याला गव्हर्नरचं गाव कुठलं ते माहीत होतं. त्यानं बोट नकाशावर वर-खाली फिरवलं आणि मान हलवली. नेल्सनं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.  मग बंगल्यावर कोरीनला फोन लावला.

"वेस्पर," तो म्हणाला. 

कोरीननं विचारलं, "सगळे बाहेर पडतील ना?"

"पडतील."

"मग कर," ती म्हणाली. घराचं तिनं विचारलं नाही. वेस्परमधलं ते घर तिच्या आईवडलांचं होतं, आणि तिच्या आईचा पियानो अजून तिथंच होता.

गाव रिकामं केलं. पोलिसांनी दारन्‌दार वाजवलं. पण आयव्हर सॅथर सगळ्यांबरोबर निघाला आणि शेतातल्या वाटेनं गुपचूप मागं फिरला. गोठ्यात गाई बांधलेल्या होत्या. त्या सोडून तरी द्याव्यात, एवढंच त्याच्या मनात असणार. बांध फोडला, आणि पाणी ओसरल्यावर तो गोठ्यातच मेलेला सापडला.

राजधानीच्या रस्त्यांवर पाऊलभरही पाणी आलं नाही. आणि घोटाळा तिथंच झाला. पाय कोरडे राहिलेल्या माणसांना आपण कशातून वाचलो ते समजेना, महिन्याभरात ती विसरूनही गेली. वेस्परमध्ये मात्र छतापर्यंत चिखल होता.

दफनाच्या आदल्या दिवशी ड्वेनचा फोन आला. "नेल्स, उद्या येऊ नकोस," तो म्हणाला. "वहिनीला नाही सोसणार." नेल्स बरं म्हणाला. ड्वेननं त्याला नावानं हाक मारली ती पुढं कितीतरी वर्षांसाठी शेवटची.

निवडणुकीत त्याच्यासमोर मार्गो स्टेंगल नावाची बाई उभी राहिली. शेतीची यंत्रं विकणाऱ्याची मुलगी, बोलायला चपळ, आणि खरोखर चिडलेली. टीव्हीवरच्या वादविवादात तिनं त्याला विचारलं, "आयव्हर सॅथरच्या दफनाला तुम्ही गेला होता का?"

"नाही," नेल्स म्हणाला.

"का नाही गेलात?"

उत्तर त्याच्या ओठांवर होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं सॅथरांची बैठकीची खोली आली. तिथं आत्ता टीव्ही लागलेला असणार आणि आयव्हरची बायको समोर बसलेली असणार. "त्याबद्दल मला बोलायचं नाही," असं तो म्हणाला, आणि त्याच वाक्यावर निवडणूक हरला. मतं मोजून झाल्यावर त्यानं स्टेंगलबाईंना फोन करून अभिनंदन केलं. बंगल्याच्या मागच्या दाराची कडी थंडीत अडकते, खांद्यानं ढकलावी लागते, असंही सांगितलं. बाई जरा गोंधळल्या आणि आभारी आहे म्हणाल्या.

पुढं कुठं राहायचं हा प्रश्न कोरीननं एका वाक्यात मिटवला. तिचं म्हणणं, आपल्याला घर एकच आहे, ते धुवायला जाऊ या. तिनं आणि नेल्सनं भिंती खरवडल्या, फरशा उचलल्या, फुगलेला पियानो अंगणात काढून ठेवला. गाव बघत होतं. कोरीनशी गाव हळूहळू बोलायला लागलं. ती चर्चच्या गानवृंदात परत गेली, बायकांच्या शिवणकामात बसली. नेल्स तिच्या मागं मागं जायचा, कोट धरून उभा राहायचा, कुणीतरी त्यालाही काहीतरी विचारायचं. ती होती तोवर त्याला वाटत होतं की गाव आपल्याशी बोलतंय. ती गेल्यावर त्याला कळलं की गाव तिच्याशी बोलत होतं.

स्टेंगलबाई पुन्हा एकदा निवडून आल्या. त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीच्या शेवटाशेवटाला, कोरीन जाऊन एक हिवाळा उलटला होता तेव्हा, पुन्हा तसंच बर्फ पडलं आणि पुन्हा तोच गरम वारा सुटला. राजधानीत पुलाखाली बर्फ अडकल्याचं रेडिओनं सांगितलं. वेस्परमध्ये कुणी काही बोललं नाही. माणसं फावडी घेऊन बांधावर गेली.

नेल्सही गेला. वाळूची पोती भरायचं काम दोघादोघांचं असतं, एकानं पोत्याचं तोंड धरायचं, दुसऱ्यानं वाळू ओतायची. सगळ्यांच्या जोड्या जमल्या होत्या, फक्त ड्वेन सॅथर एकटा होता, कारण त्याचा जोडीदार पाठ धरून गाडीत बसला होता. नेल्सनं जाऊन पोत्याचं तोंड धरलं. ड्वेननं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि वाळू ओतली. दुपारपर्यंत दोघांनी ढीग लावला. बोलणं एवढंच झालं की पोतं फार भरू नये, बांधायला तोंड उरत नाही.

दुपारी सरकारी काळी गाडी बांधाच्या पायथ्याशी येऊन थांबली. एक पोलीस वर चढून आला. गव्हर्नर, तुम्हाला गव्हर्नरबाईंनी बोलावलंय, असं तो म्हणाला, आणि बांधावरची सगळी फावडी थांबली. नेल्सनं हात झटकले. ड्वेन त्याच्याजवळ आला.

"जा," ड्वेन म्हणाला. "सांग तिला."

"काय सांगू?"

"ते तुला मी शिकवायचं का, नेल्स?"

गाडीत बसल्यावर नेल्सनं काचेतून मागं पाहिलं; फावडी पुन्हा चालू झाली होती. 

त्याच्या जुन्या कचेरीत पडदे बदलले होते, टेबल तेच होतं. स्टेंगलबाईंनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि स्वतः त्याला कॉफी ओतून दिली. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी नकाशा त्याच्याकडं वळवला. त्यानं आकडे वाचले, सावकाश, त्याच्या सवयीप्रमाणं शेवटपर्यंत. पाणी मागच्या वेळेपेक्षा जास्त होतं. सखल भागात वस्ती वाढली होती.

"तुम्ही काय कराल?" बाईंनी विचारलं.

"फोडीन."

"तुम्ही तिथं राहता."

"म्हणून तर तुम्ही मला बोलावलंत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं नसतं."

बाई खिडकीपाशी गेल्या.  मग म्हणाल्या, "मागं निवडणूक झाल्यावर ड्वेन सॅथर मला भेटायला आला होता. तुम्हाला दफनाला येऊ नको असं त्यानंच सांगितलं होतं म्हणे. तुम्ही तेव्हा बोलला असता तर कदाचित आज या खुर्चीत तुम्ही असता."

"त्यांच्या घरी टीव्ही चालू होता," नेल्स म्हणाला.

बाईंनी मान हलवली. मग विचारलं, "नंतर कधी असं वाटलं का, की नसता फोडला तर?"

"रोज वाटतं. पण एकदा फोडला की ते कळायची सोय राहत नाही. तुमचं बरोबर होतं असं सांगायला कुणी येत नाही. कोरडी राहिलेली माणसं येत नाहीत, आणि भिजलेल्यांनी का यावं? तेवढं धरून चाला."

बाई त्याला थांबा म्हणाल्या, पण तो थांबला नाही. वेस्पर रिकामं करायचा हुकूम निघाला होता, आणि त्याला गावाबरोबर असायचं होतं.

उंचावरच्या ऑरलंड गावातल्या शाळेत वेस्परची सोय केली होती. व्यायामशाळेत खाटांच्या रांगा होत्या. नेल्स आत आला तेव्हा माणसं बाजूला झाली, पण या वेळी वेगळ्या रीतीनं, लग्नात नवरदेवाला वाट करून द्यावी तशी. ड्वेननं शेजारची खाट त्याच्यासाठी धरून ठेवली होती. "बोललास?" त्यानं विचारलं.

"बोललो," नेल्स म्हणाला. आणखी बोलायचं होतं, पण ड्वेननं त्याच्या हातात सूपचा वाडगा ठेवला.

सकाळी बर्फ आपणहून सुटलं. पुलाखालचा ढीग हलला, कडाडत फुटला आणि खाली वाहून गेला. तासाभरात पाणी उतरायला लागलं. रेडिओवर स्टेंगलबाईंचा आवाज आला की राजधानी सुरक्षित आहे आणि वेस्परचा बांध शाबूत आहे. व्यायामशाळेत माणसं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. पाद्रीबाईंनी नेल्सचे दोन्ही हात धरले. मर्ला त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "थँक यू, नेल्स." तो काही बोलणार तेवढ्यात तिच्या मागून आणखी कुणी आलं, मग आणखी कुणी. त्यानंच बाईंना थांबवलं असं सगळे धरून चालले होते, आणि तेवढ्या आनंदात त्याला तोंड उघडवेना.

त्या आठवड्यात तो गोल टेबलाशी बसला. त्याच्यासाठी खुर्ची ओढली गेली, फासे त्याच्या हातात दिले गेले. तो हरला, सगळ्यांना कॉफी पाजली, आणि सगळे त्याला हसले. खोटं कशाला सांगा, त्याला फार गोड वाटलं. सकाळी दाढी करताना तो शीळ घालायला लागला. आज सांगू, उद्या सांगू असं म्हणत त्यानं ते दिवस जाऊ दिले.

मग एका दुपारी स्टेंगलबाईंचा फोन आला.

"तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "मी हुकूम दिला होता. यंत्रं बांधावर चढली होती. बर्फ सुटल्याची खबर आली आणि मी त्यांना थांबवलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर..."

नेल्स भिंतीला टेकून उभा राहिला. किती वर्षांनी कुणीतरी त्याच्या बाजूला येऊन उभं राहिलं होतं.

"लोक मला फुलं पाठवताहेत," बाई म्हणाल्या. "मी बांध फोडायला नाही म्हणाले असं समजून. उद्या पत्रकारांना बोलावून खरं काय ते सांगणार आहे."

"सांगू नका."

"का?"

नेल्सनं खिडकीतून रस्त्यापलीकडच्या घरांकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "एका गव्हर्नरनं त्यांना बुडवलं. दुसरीनं नाही म्हटलं, असं त्यांना वाटतंय. त्या जोरावर माणसं घरांना रंग देताहेत. ते काढून घेऊन तुम्ही काय करणार?"

"आणि तुम्ही? तुमच्याबद्दल त्यांना काय वाटतंय ते मी ऐकलंय."

"माझं मी बघतो," नेल्स म्हणाला.

रविवारी चर्चच्या तळघरात आभाराचं जेवण होतं. लांब टेबलांवर हॅम, बटाटे, गोड पावांच्या टोपल्या. जेवण होत आल्यावर पाद्रीबाईंनी चमचा पेल्यावर वाजवला आणि म्हणाल्या की आपल्यातला एक माणूस त्या दिवशी आपल्यासाठी राजधानीत गेला, त्यानं दोन शब्द बोलावेत. टाळ्या वाजल्या. ड्वेनची टाळी सगळ्यांत मोठी होती.

नेल्स उभा राहिला. खुर्चीची पाठ त्यानं धरून ठेवली होती.

"मी तिथं गेलो ते खरं," तो म्हणाला. "पण मी बाईंना बांध फोडा असं सांगितलं. आकडे बघितल्यावर मला दुसरं काही सांगता आलं नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. तुम्ही माझे आभार मानताय ते मला घेता यायचे नाहीत. बांध राहिला याचा मला तुमच्याइतकाच आनंद झालाय, एवढंच."

तो खाली बसला. कुणी ओरडलं नाही, कुणी उठून गेलं नाही. वेस्परमध्ये तसं होत नाही. पाद्रीबाई हलक्या आवाजात आभारी आहे म्हणाल्या आणि त्यांनी पेटीवाल्या बाईंकडं पाहिलं. प्रार्थनागीत सुरू झालं. शेजारच्या माणसानं गाता गाता आपली खुर्ची इंचभर सरकवली. त्याच्या स्वतःच्या तरी ते ध्यानात आलं असेल की नाही कोण जाणे.

बाहेर गाड्यांपाशी ड्वेन थांबला होता. टोपी हातात होती.

"काय गरज होती सांगायची?" त्यानं विचारलं.

"तू टाळ्या वाजवत होतास, ड्वेन."

"वाजवू द्यायच्या होत्यास. कुणाचं काय जात होतं?"

ड्वेननं हातातली टोपी फिरवली.

"मला वाटलं, या खेपेला तरी तू आमचा झालास."

"मी मागच्या खेपेलाही तुमचाच होतो रे."

ड्वेननं टोपी डोक्यावर चढवली. त्याचा आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. "त्या बाईनं तुझं ऐकलं नाही," तो म्हणाला. "ती होती म्हणून वाचलो आम्ही. तिच्या जागी तू असतास तर आज इथं चिखल असता."

खरी गोष्ट नेल्सच्या अगदी जिभेवर आली. ती सांगितली असती तर ड्वेननं कदाचित मान खाली घातली असती, कदाचित हातही पुढं केला असता. चर्चच्या दारातून माणसं बाहेर पडत होती, लहान पोरं पायऱ्यांवरून उड्या मारत होती.

"हो," नेल्स म्हणाला. "ती होती म्हणून वाचलो."

ड्वेननं गाडी सुरू केली आणि निघून गेला. सोमवारी सकाळी नेल्स हॉटेलात गेला आणि स्टुलावर बसला. गोल टेबलावर फासे खुळखुळत होते. मर्लानं कॉफी ओतली. या वेळी तिनं त्याला काहीच म्हटलं नाही, ना नेल्स ना मिस्टर, नुसती कपाकडं बघत राहिली.

पुढच्या वर्षी स्टेंगलबाईंची मुदत संपली. वेस्परनं नवी शाळा बांधली आणि तिला त्यांचं नाव दिलं. उद्घाटनाला त्या आल्या. पोरांनी गाणं म्हटलं, ड्वेननं गावाच्या वतीनं भाषण केलं, आणि सगळी माणसं उभी राहिली. नेल्स शेवटच्या रांगेत होता, तोही उभा राहिला. बाई बोलायला उठल्या, पण त्यांना फार बोलता आलं नाही. लोकांना वाटलं, भरून आलं.

कार्यक्रम संपल्यावर, गावानं घातलेलं जेवण चुकवून, त्या नेल्सच्या दारात आल्या. गाडी त्यांची स्वतःची होती, बरोबर ड्रायव्हर नव्हता.   त्यांनी विचारलं की दिवसभर तुम्ही काय करता.  "बांधावर फिरून येतो," तो म्हणाला.

"चला मग," बाई म्हणाल्या. त्यांच्या पायांत कार्यक्रमाचे बूट होते, पण त्या निघाल्या.

नदी खाली गेली होती, काठच्या झुडपांना पालवी फुटली होती. बाई हळूहळू चालत होत्या. सकाळी फोन वाजत नाही याची अजून सवय झाली नाही, असं त्यांनी सांगितलं. मुलगी लांब असते, रविवारी बोलते. ज्यांना मी रोज हुकूम द्यायचे ती माणसं आता नाताळचं कार्ड पाठवतात. नेल्स ऐकत होता. मध्येच तो म्हणाला की दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा सोपं जातं. तिसरं कसं जातं असं बाईंनी विचारलं, तर त्यानं सांगितलं की तिसऱ्या वर्षी कोरीननं बाग केली होती.

नदीच्या वळणावर बाई थांबल्या. बांधावर गवत माजलं होतं, दुसरं काही नव्हतं.

"इथं," त्या म्हणाल्या. "इथं उभी होती यंत्रं."

"माझीही इथंच होती."

"ती शाळेवरची पाटी..." बाई म्हणाल्या. "मला त्या पाटीकडं बघवेना, नेल्स."

त्यांनी त्याला नावानं हाक मारली होती. गावाच्या बाजूला शाळेचं नवं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं, आणि अंगणात अजून पोरांचा गोंगाट चालला होता.

"असू दे," तो म्हणाला. "पोरं पाट्या वाचत नाहीत."

 मग नदीवरून वारा यायला लागला, आणि बाई थंडीनं आकसल्या तसा नेल्सनं आपला कोट काढून त्यांच्या खांद्यांवर टाकला. तुम्हाला थंडी वाजेल असं त्या म्हणाल्या. मला सवय आहे, असं तो म्हणाला, आणि दोघं परत फिरली.